पोटावरच्या पिशवीमागचा सर्जन : विल्यम अर्नेस्ट माइल्स

गुदाशयाच्या कॅन्सरचं निदान झालं की घरात दोन प्रश्न उभे राहतात. पहिला जगण्याचा. दुसरा बहुतेक घरांत दबक्या आवाजात विचारला जातो. संडासची नेहमीची वाट बंद करून पोटावर कायमची पिशवी लावावी लागणार का? या दुसऱ्या प्रश्नाच्या धास्तीनं काही रुग्ण ऑपरेशनची तारीख घेतात आणि परत फिरकतच नाहीत. आजार मात्र थांबत नाही.

ही पिशवी ज्या ऑपरेशनमुळे कॅन्सरच्या उपचारात कायमची आली, त्याला जगभरच्या सर्जरीच्या पुस्तकांत आजही माइल्स ऑपरेशन म्हणतात. विल्यम अर्नेस्ट माइल्स या इंग्रज सर्जननी १९०८ मध्ये ते मांडलं. त्यांनी रुग्णाची नैसर्गिक वाट कायमची काढून घेतली आणि त्या बदल्यात आयुष्य दिलं. हा सौदा त्यांनी का केला आणि पुढच्या सर्जननी तो हळूहळू कसा बदलत नेला, हे समजलं तर आज डॉक्टरांसमोर बसलेल्या रुग्णाला आपल्यापुढचे पर्यायही नीट समजतात.

त्रिनिदाद ते लंडन

माइल्स यांचा जन्म १८६९ चा. बालपण वेस्ट इंडीजमधल्या त्रिनिदाद बेटावर गेलं. तेव्हा तिथं ब्रिटिशांचं राज्य होतं आणि वडील तिथल्या एका शाळेचे मुख्याध्यापक होते. डॉक्टरकीच्या शिक्षणासाठी ते लंडनला आले आणि सेंट बार्थोलोम्यू या जुन्या, नावाजलेल्या हॉस्पिटलात शिकले. एफआरसीएस झाले. इथपर्यंत सगळं त्या काळातल्या कुठल्याही हुशार सर्जनसारखंच.

वेगळेपण आलं ते सेंट मार्क्स हॉस्पिटलमुळे. फ्रेडरिक सॅल्मन या सर्जननी १८३५ मध्ये लंडनमध्ये सात खाटांचा एक छोटा दवाखाना काढला होता, फक्त भगंदर, मूळव्याध आणि गुदाशयाच्या इतर दुखण्यांसाठी. या दुखण्यांबद्दल लोक बोलायला लाजायचे आणि मोठ्या हॉस्पिटलांतल्या सर्जनांनाही त्यात फारसा रस नसायचा. चार्ल्स डिकन्स या प्रख्यात कादंबरीकारावर १८४१ मध्ये सॅल्मन यांनीच भगंदराचं ऑपरेशन केलं, तेही भुलीचं औषध यायच्या आधीच्या काळात. हाच दवाखाना पुढे सेंट मार्क्स म्हणून नावारूपाला आला.

तरुण माइल्स तिथं डेव्हिड गुडसॉल यांच्या हाताखाली राहिले. भगंदराच्या दुखण्यात गुडसॉल यांचं नाव आजही प्रत्येक मेडिकल विद्यार्थ्याला पाठ असतं. दोघांनी मिळून गुदाशयाच्या आजारांवर दोन भागांत पुस्तक लिहिलं. १८९९ मध्ये माइल्स लंडनच्या कॅन्सर हॉस्पिटलात सर्जन म्हणून गेले. हेच हॉस्पिटल आज रॉयल मार्सडन या नावानं ओळखलं जातं. म्हणजे एका बाजूला मूळव्याध-भगंदराचा पक्का अनुभव आणि दुसऱ्या बाजूला रोज डोळ्यांसमोर कॅन्सरचे रुग्ण. त्यांचं पुढचं सगळं काम या दोन गोष्टींतून उभं राहिलं.

५७ पैकी ५४

गुदाशय म्हणजे मोठ्या आतड्याचा अगदी शेवटचा, साधारण १५ सेंटीमीटरचा भाग. त्याच्या खाली गुदद्वार आणि त्याभोवती शौचावर ताबा ठेवणारे गोल स्नायू. ही सगळी जागा कमरेच्या हाडांच्या खोबणीत, खोल आणि अरुंद. पुढच्या बाजूला लघवीची पिशवी, मागं माकडहाड, बाजूंनी लघवीचं आणि लैंगिक क्रियांचं नियंत्रण करणाऱ्या बारीक नसा. तिथं हात घालणं आजही सोपं नाही.

एकोणिसाव्या शतकात सर्जन तिथं खालूनच जात. जाक लिसफ्रांक या फ्रेंच सर्जननी १८२६ मध्ये गुदाशयाचा कॅन्सर खालच्या बाजूनं काढून दाखवला होता. पॉल क्रास्के या जर्मन सर्जननी १८८५ मध्ये माकडहाडाच्या बाजूनं वाट काढली. पोट उघडलं तर जंतुसंसर्गानं रुग्ण दगावण्याची भीती मोठी होती. त्यामुळे खालून जायचं, गाठ जिथवर हाताला लागते तिथवर कापायची आणि बाहेर यायचं, ही रीत पडली होती. रुग्ण टेबलवर सहसा वाचायचा. ऑपरेशन यशस्वी झालं म्हणून त्याला घरी पाठवलं जायचं.

माइल्स यांनीही आधी हेच केलं. १८९९ ते १९०६ या काळात त्यांनी ५७ रुग्णांवर खालून ऑपरेशन केलं. पण त्यांनी एक गोष्ट वेगळी केली. घरी गेलेल्या रुग्णांचं पुढं काय झालं, याचा हिशेब ठेवला. ५७ पैकी ५४ जणांना कॅन्सर परत आला, आणि तोही सहा महिने ते तीन वर्षांच्या आत.

असा आकडा हाती आल्यावर कुणीही सर्जन दोन गोष्टी करू शकतो. आजारच वाईट आहे म्हणून सोडून द्यायचं, किंवा आपल्या ऑपरेशनमध्ये काय राहून जातंय ते शोधायचं. माइल्स शोधायला लागले. मरण पावलेल्या रुग्णांची पोस्टमॉर्टेम त्यांनी बारकाईनं पाहिली. कॅन्सर परत आला होता तो मुख्यतः वरच्या बाजूला. कमरेच्या खोबणीतल्या पातळ आवरणात, तिथल्या आतड्याला धरून ठेवणाऱ्या पडद्यात, आणि त्याही वर, डाव्या बाजूची मोठी रक्तवाहिनी जिथं दुभंगते तिथल्या गाठींमध्ये. खालून जाणाऱ्या सर्जनचा हात तिथवर कधी पोचणारच नव्हता.

यावरून त्यांनी एक नकाशा मांडला. गुदाशयातला कॅन्सर रसवाहिन्यांच्या वाटेनं तीन दिशांना पसरतो : वर, बाजूंना आणि खाली. रोग मुळापासून काढायचा तर तिन्ही दिशांचा भाग एकत्र, एका तुकड्यात काढला पाहिजे. मधली वाट त्यांना मान्य नव्हती.

पाच नियम

त्यांचा लेख १९०८ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या लॅन्सेट या वैद्यकीय साप्ताहिकात आला. ऑपरेशन दोन बाजूंनी करायचं होतं. आधी पोट उघडायचं, वरच्या रक्तवाहिन्या बांधायच्या, आतडं गाठींसकट मोकळं करायचं. आतड्याचं निरोगी टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढून शौचाची नवी वाट करायची. कॅन्सरचा भाग खाली खोबणीत सोडून पोट शिवायचं. मग रुग्णाला कुशीवर वळवायचं आणि खालून गुदद्वार, त्याभोवतीचे स्नायू, चरबी असं सगळं रुंद कापून तो भाग बाहेर काढायचा. खालची जखम मोठी असे आणि ती भरून यायला बराच काळ लागे.

दोन बाजूंनी जाणारे माइल्स हे पहिले नव्हते. व्हिन्सेन्झ चेर्नी या सर्जननी १८८३ च्या सुमारास खालून काम पुरं होईना म्हणून पोटही उघडलं होतं. पण ती ऐन वेळची निकड होती. माइल्स यांनी त्यामागं कारण दिलं आणि पाच नियम घालून दिले. पोटावरची वाट कायमचीच हवी. खोबणीतलं आतडं, नव्या वाटेसाठी लागणारा तुकडा सोडून, सगळं काढायचं. त्याला धरून ठेवणारा पडदा काढायचा. रक्तवाहिनीच्या दुभाजकावरच्या गाठी काढायच्या. आणि खालचा भाग जितका रुंद काढता येईल तितका काढायचा.

यातला पहिला आणि शेवटचा नियम रुग्णाच्या पुढच्या आयुष्यावर सगळ्यात जड पडणारा होता. कॅन्सर गुदद्वारापासून बराच वर असला तरी माइल्स यांच्या हिशेबात खालचा स्नायू वाचवायला जागा नव्हती. रोग खालीही पसरतो, असं त्यांनी मांडलं होतं ना. मग स्नायू ठेवणं म्हणजे रोगाला जागा ठेवणं.

बारापैकी पाच

या ऑपरेशनची सुरुवात भयंकर होती. त्या लेखात माइल्स यांनी पहिल्या १२ रुग्णांची माहिती दिली. त्यातले ५ ऑपरेशनमुळे दगावले. म्हणजे शंभरात ४२. रक्त देण्याची आजच्यासारखी सोय नव्हती, अँटिबायोटिक्स नव्हती, भूल देण्याचं तंत्र ओबडधोबड होतं. रुग्ण जितका जास्त वेळ टेबलवर, तितका धोका जास्त. माइल्स अतिशय झपाट्यानं ऑपरेशन करायचे म्हणून प्रसिद्ध होते, त्यामागं हेही कारण होतं.

लंडनमध्ये यावरून मतभेद झाले. सेंट मार्क्समधलेच जॉन लॉकहार्ट-ममरी हे दुसरे मोठे सर्जन खालून ऑपरेशन करण्याच्या बाजूचे राहिले. त्यांची बाजूही चुकीची म्हणता येत नाही. खालून केलं तर रुग्ण टेबलवर मरत नाही. माइल्स यांच्याकडे टेबलवर जास्त मरतात, पण जे वाचतात त्यांच्यात रोग परत येण्याचं प्रमाण कमी. रुग्णाच्या नातेवाइकांना कुठला धोका पत्करायला सांगायचा? आजच्या मरणाचा की दोन वर्षांनंतरच्या? तेव्हा याचं सरळ उत्तर कुणाकडेच नव्हतं.

उत्तर दिलं ते वर्षांनी. माइल्स यांनी आपलं तंत्र सुधारत नेलं आणि टेबलवरचे मृत्यू बरेच खाली आणले. १९२३ पर्यंत त्यांच्या रुग्णांत रोग परत येण्याचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर आलं होतं. जुन्या पद्धतीत ते ९५ टक्के होतं. एवढा फरक पडल्यावर वाद हळूहळू शमला. ऑस्वल्ड लॉइड-डेव्हिस यांनी १९३९ मध्ये रुग्णाचे पाय वर धरणारे आधार वापरात आणले. त्यामुळे एक सर्जन पोटातून आणि दुसरा खालून एकाच वेळी काम करू लागला, रुग्णाला मधेच वळवावं लागेना. भूल सुधारली, रक्त मिळू लागलं. ज्या ऑपरेशनला सर्जन बिचकत होते, ते जगभर प्रमाण मानलं गेलं आणि काही दशकं टिकून राहिलं.

वाचलेल्यांचं जगणं

आकड्यांत जे रुग्ण वाचले, ते घरी गेल्यावर कसे जगले, हे मात्र लेखांत फारसं येत नसे. पोटावरच्या वाटेला स्नायू नसतो, त्यामुळे शौच कधी येईल यावर रुग्णाचा ताबा राहत नाही. आज मिळतात तशा चिकटणाऱ्या, वास न सोडणाऱ्या पिशव्या त्या काळात नव्हत्या. पट्टे, वाट्या, कापडाच्या घड्या यांवर भागवावं लागे. वास, गळती, कातडी सोलवटणं हे रोजचं होतं. लोकांत मिसळणं, कामावर जाणं, नातेवाइकांकडं मुक्काम करणं अवघड व्हायचं.

ऑपरेशनच्या वेळी नसांना इजा झाली तर लघवीचा त्रास आणि लैंगिक क्षमता जाणं हेही होतं. त्याबद्दल तर कुणी तोंडच उघडत नसे.

चिकटणारी पिशवी आली १९५४ मध्ये. डेन्मार्कमधल्या एलिझ सोरेन्सन या नर्सनी ती सुचवली. त्यांच्या सख्ख्या बहिणीचं असंच ऑपरेशन झालं होतं आणि गळतीच्या भीतीनं ती घराबाहेर पडेनाशी झाली होती. बहिणीला लोकांत जाता यावं एवढाच हेतू होता. एका कारखानदारानं ती पिशवी तयार केली आणि जगभरच्या रुग्णांचं रोजचं जगणं पालटलं. माइल्स यांना हे बघायला मिळालं नाही. ते १९४७ मध्ये, ७८ व्या वर्षी वारले होते.

ड्यूक्स यांचं टेबल

माइल्स हयात असतानाच त्यांच्या नकाशाची तपासणी सुरू झाली होती. आणि ती झाली त्यांनी जिथं सुरुवात केली त्या सेंट मार्क्समध्येच. १९२२ मध्ये कथबर्ट ड्यूक्स हे डॉक्टर तिथं पॅथॉलॉजिस्ट म्हणून आले. पॅथॉलॉजिस्टचं काम ऑपरेशन करण्याचं नसतं, काढलेला भाग तपासण्याचं असतं. ड्यूक्स यांनी ऑपरेशनमध्ये काढलेलं प्रत्येक आतडं टेबलवर पसरून त्यातली एकेक गाठ शोधली, कुठल्या गाठीत कॅन्सर आहे आणि कुठल्या नाही हे कागदावर आखून ठेवलं. वर्षानुवर्षं, शेकडो रुग्णांचं. सहकारी सर्जनही त्यात सामील झाले.

या कामातून १९३२ मध्ये त्यांचं प्रसिद्ध वर्गीकरण आलं. रोग आतड्याच्या भिंतीपुरता, भिंतीबाहेर गेलेला, आणि गाठींपर्यंत पोचलेला, असे तीन टप्पे. कुणाचं आयुष्य किती, याचा अंदाज पहिल्यांदा नीट बांधता येऊ लागला.

पण रुग्णाच्या दृष्टीनं त्याहून मोठी गोष्ट दुसरी होती. रोग वर पसरतो हे माइल्स यांचं म्हणणं ड्यूक्स यांच्या नोंदींतून पक्कं झालं. बाजूंना पसरणं काही रुग्णांत, विशेषतः कॅन्सर अगदी खाली असताना, आढळलं. खाली पसरणं मात्र क्वचितच दिसलं. वरच्या रसवाहिन्या रोगानं तुंबल्या तरच तो उलटा खाली सरकत होता, आणि तोही बहुधा थोड्याच अंतरापर्यंत.

म्हणजे माइल्स यांच्या तीन दिशांपैकी खालची दिशा त्यांनी समजली होती तेवढी धोक्याची नव्हती. ज्या रुग्णांचा कॅन्सर गुदद्वारापासून पुरेसा वर होता, त्यांचा स्नायू काढण्याची गरजच नव्हती. माइल्स यांनी ज्या पद्धतीनं जुनं ऑपरेशन मोडीत काढलं, त्याच पद्धतीनं, म्हणजे काय झालं ते मोजून, त्यांच्या नियमाला मर्यादा घातली गेली.

माइल्स यांच्या मागे

त्यांच्या निधनानंतरच्याच वर्षी, १९४८ मध्ये, अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधले सर्जन क्लॉड डिक्सन यांनी ४०० रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. गुदाशयाच्या वरच्या भागातला आणि त्याच्या लगतच्या आतड्यातला कॅन्सर पोटातून काढून त्यांनी दोन्ही टोकं परत जोडली होती. गुदद्वार आणि स्नायू जागच्या जागी. ऑपरेशनमधले मृत्यू ३ टक्क्यांच्याही खाली होते आणि पाच वर्षांनंतर बहुसंख्य रुग्ण जिवंत होते. कायमची पिशवी न लावताही रोग काढता येतो, हे एवढ्या मोठ्या संख्येनं पुढं आलं.

तरी जोड खोलवर, अरुंद जागेत द्यायचा प्रश्न होताच. सेंट मार्क्समधलेच ॲलन पार्क्स यांनी १९७० च्या दशकात आतडं थेट गुदद्वाराच्या वरच्या कडेला, खालून टाके घालून जोडण्याची पद्धत विकसित केली. त्याच दशकाच्या शेवटी गोल स्टेपलर आला. हातानं टाका घालणं जिथं जवळजवळ अशक्य, तिथं यंत्रानं जोड देता येऊ लागला.

मग इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोक या गावातले सर्जन बिल हील्ड पुढं आले. त्यांनी १९८२ मध्ये मांडलं, की गुदाशयाभोवती चरबी आणि गाठींचं एक वेष्टन असतं. खरा धोका त्या वेष्टनात आहे. ते न फाडता, डोळ्यांना दिसणाऱ्या नैसर्गिक पदरातून, अखंड बाहेर काढलं तर रोग तिथल्या तिथं परत येण्याचं प्रमाण अगदी कमी होतं आणि बाजूच्या नसाही वाचतात. गाठीच्या खाली किती सेंटीमीटर अंतर सोडून कापायचं, हा आकडा पूर्वी ५ मानला जायचा. तो २ वर आणि निवडक रुग्णांत १ वर आला. जे रुग्ण आधी हमखास माइल्स ऑपरेशनला जायचे, त्यातल्या बऱ्याच जणांचा स्नायू आता वाचू लागला.

पुढची पायरी ऑपरेशनच्या आधीची होती. युरोपातल्या मोठ्या चाचण्यांनी दाखवलं, की रेडिएशन आधी दिलं तर रोग परत येण्याचं प्रमाण घटतं. गाठ आक्रसते. काही रुग्णांत तर ऑपरेशन करून काढलेल्या आतड्यात कॅन्सर शिल्लकच सापडत नव्हता. ब्राझीलमधल्या सर्जन अँजेलिता हाब्र-गामा यांनी मग सरळ प्रश्न विचारला. रोग उरलाच नसेल तर आतडं काढायचं कशाला? त्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २६५ पैकी ७१ रुग्णांत केमो आणि रेडिएशननंतर रोगाचं चिन्ह राहिलं नव्हतं. त्यांचं ऑपरेशन न करता फक्त कडक देखरेख ठेवली, आणि निकाल चांगले आले. सुरुवातीला यावर भरपूर टीका झाली. आज जगभरच्या मोठ्या कॅन्सर केंद्रांत निवडक रुग्णांना हा पर्याय दिला जातो.

आजच्या रुग्णापुढचे पर्याय

या सगळ्याचा अर्थ माइल्स ऑपरेशन जुनं झालं, असा नाही. कॅन्सर स्नायूतच शिरला असेल, तर ते आजही करावं लागतं आणि जीव वाचवतं. स्नायू मुळातच ढिला पडून शौचावरचा ताबा गेलेला असेल, तरी तेच ऑपरेशन सोयीचं ठरू शकतं. फरक एवढाच, की १९०८ मध्ये ते प्रत्येकासाठी होतं आणि आज ते मोजून-मापून ठरवलं जातं.

अगदी सुरुवातीचा, भिंतीच्या वरच्या थरापुरता कॅन्सर असेल तर गुदद्वारातून तेवढाच भाग काढता येतो. वरच्या आणि मधल्या भागातल्या कॅन्सरसाठी आतडं काढून जोड देतात. जोड भरून येईपर्यंत काही महिने पोटावर तात्पुरती वाट ठेवावी लागू शकते. ती नंतर बंद करतात. खालच्या भागात आधी केमो-रेडिएशन देऊन मग स्नायू वाचतो का ते पाहतात. सगळा उपचार आधी देऊन ऑपरेशन मागं ठेवण्याच्या पद्धतीत, अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीत जवळपास निम्म्या रुग्णांचा गुदाशय तीन वर्षांनंतर शाबूत होता. आणखी एक छोटा गट आहे. त्यांच्या कॅन्सरच्या पेशींत डीएनए दुरुस्तीची यंत्रणा बिघडलेली असते. शंभरात पाच-दहा रुग्ण या गटातले. २०२२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशा पहिल्या १२ रुग्णांना फक्त इम्युनोथेरपीचं औषध दिलं आणि बाराही जणांत रोगाचं चिन्ह उरलं नाही. ऑपरेशन नाही, रेडिएशन नाही. म्हणून बायोप्सीवर ही तपासणी करून घेणं महत्त्वाचं.

देखरेखीच्या पर्यायात एक अट आहे आणि ती कडक आहे. साधारण चौघांपैकी एकाला रोग तिथंच परत येतो, बहुधा पहिल्या दोन वर्षांत. वेळेत सापडला तर ऑपरेशन करून बहुतेकांत तो काढता येतो. पण त्यासाठी दर तीन-चार महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी आणि ठरलेल्या वेळी एमआरआय चुकवून चालत नाही. खानापूर, चंदगड, निपाणीकडच्या खेड्यांतून मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलपर्यंत इतक्या फेऱ्या मारणं जमणार का, खर्च झेपणार का, सोबत कोण जाणार, हे आधीच घरात बसून ठरवावं लागतं. बरं वाटतंय म्हणून तपासणी सोडली, तर हा पर्याय घातक ठरतो.

स्नायू वाचला म्हणजे सगळं पूर्वीसारखं, असंही नाही. खूप खाली जोड दिलेल्या बऱ्याच रुग्णांना दिवसातून अनेकदा शौचाला जावं लागतं, थांबवता येत नाही, थोडं-थोडं होत राहतं. रेडिएशननं हा त्रास वाढू शकतो. काहींना कालांतरानं आराम पडतो, काहींना नाही. दिवसभर संडासच्या आसपास राहण्यापेक्षा नीट बसवलेली पिशवी बरी, असं ठरवणारेही रुग्ण आहेत, आणि त्यात कमीपणा काही नाही. आजच्या पिशव्या कपड्यांखाली दिसत नाहीत. त्या लावून माणसं शेतात जातात, प्रवास करतात, लग्नकार्यात वावरतात.

ऑपरेशनला होकार देण्याआधी काही गोष्टी डॉक्टरांना विचारण्याचा रुग्णाला हक्क आहे. गाठ स्नायूपासून किती सेंटीमीटरवर आहे? एमआरआय झाला का, आणि स्नायू मोकळा दिसतो का? आधी केमो-रेडिएशन दिलं तर फरक पडेल का? सर्जन, रेडिएशनचे आणि केमोचे डॉक्टर यांनी एकत्र बसून केस पाहिली आहे का? पिशवी लागली तर तात्पुरती की कायमची? नसा वाचतील का, लघवीवर आणि लैंगिक आयुष्यावर काय परिणाम होईल? शेवटचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो. तरी विचारावा, कारण उत्तर ऑपरेशनच्या आधीच उपयोगाचं असतं.

आणि त्याच्याही आधीची गोष्ट. स्नायू वाचवण्याचे पर्याय सगळ्यात जास्त असतात ते रोग लवकर सापडल्यावर. शौचातून रक्त पडलं की आपल्याकडं मूळव्याध समजून महिनोन् महिने घरगुती इलाज चालतात. बऱ्याचदा ती मूळव्याधच असते. पण रक्त थांबत नसेल, शौचाची सवय बदलली असेल, पोट साफ झाल्यासारखं वाटत नसेल, वजन उतरत असेल, तर वय कितीही असो, डॉक्टरांकडून बोटानं तपासणी करून घ्यावी. खालच्या भागातला कॅन्सर पुष्कळदा बोटाला लागतो. गुदाशयाच्या रुग्णांत आयुष्य काढलेल्या माइल्स यांच्या काळातही निदानाची सुरुवात याच तपासणीनं व्हायची. तिला दोन मिनिटंही लागत नाहीत.